गाठीत टोचायचं जेल: कॅन्सरच्या औषधासाठी हायड्रोजेल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधनिर्माणशास्त्र शिकवत असल्यामुळे दर काही महिन्यांनी फोनवर एक बातमी येऊन पडते: ‘एकाच इंजेक्शनमध्ये गाठ विरघळवणारं जेल सापडलं.’ पाठवणारा बहुतेक वेळा कुणाचा तरी मुलगा, सून किंवा भाऊ असतो, आणि खाली विचारलेलं असतं, ‘सर, हे खरं आहे का? आपल्याकडे मिळेल का?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. मी कॅन्सरचा डॉक्टर नाही. औषध शरीरात पोचवायचं कसं, हा माझा विषय आहे. तेव्हा उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

हायड्रोजेल म्हणजे नेमकं काय?

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की पाच-दहा मिनिटांत त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. तो गोळा म्हणजे हायड्रोजेलच. लांबलचक रेणूंचं विरळ जाळं आणि त्यात अडकलेलं भरपूर पाणी. जाळ्यामुळे पाणी वाहून जात नाही आणि पाण्यामुळे जाळं मऊ राहतं.

प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या हायड्रोजेलची कथा प्रागमधली आहे. ओटो विख्टर्ले आणि द्रहोस्लाव्ह लीम यांनी १९६० साली असा पदार्थ ‘नेचर’मध्ये मांडला. पुढच्या वर्षीच्या नाताळात विख्टर्ले यांनी घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र उभं केलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. डोळ्याला चालतं ते शरीरात इतरत्रही चालेल, हा विचार तिथूनच पुढे आला.

सुईतून जाताना पातळ आणि आत गेल्यावर घट्ट, हे होतं कसं?

सगळा खेळ या प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वयंपाकघरात घट्ट होणारे बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर बसतात. चायना ग्रास, उकड, पिठलं ही सगळी त्याच जातीची. कॅन्सरच्या औषधासाठी मात्र उलटं वागणारा पदार्थ लागतो, थंड असताना पातळ आणि अंगाच्या उष्णतेने घट्ट. आपल्याकडे त्याला जवळचं उदाहरण खरवसाचं. चीक पातळच असतो, वाफ लागली की बसतो. फरक एवढाच की खरवस एकदा झाला की झाला. पोलॉक्झॅमर ४०७ नावाच्या पदार्थाचं जेल फ्रीजमध्ये ठेवलं की पुन्हा पातळ होतं आणि बाहेर काढलं की पुन्हा बसतं. कितीही वेळा करा.

पोलॉक्झॅमरच्या रेणूची दोन्ही टोकं पाण्याशी जमवून घेणारी आणि मधला भाग पाण्याला टाळणारा. गार पाण्यात मधल्या भागाभोवतीही पाण्याचे रेणू चिकटून असतात, त्यामुळे सगळं विरघळलेलं राहतं. ऊब वाढली की ते पाणी सुटतं, मधले भाग एकमेकांत तोंड लपवतात आणि अतिसूक्ष्म गोळ्या तयार होतात. पुरेसा पदार्थ घातला असेल, म्हणजे साधारण २० टक्क्यांच्या आसपास, तर या गोळ्यांची इतकी दाटी होते की डब्यात गच्च भरलेल्या लाडवांसारख्या त्या जागच्या हलत नाहीत. तेच जेल. भोवतालचं पाणी आत शिरत गेलं की दाटी कमी होते आणि जेल हळूहळू विरघळून निघून जातं. हा त्याचा दोष आहे आणि गुणही. का, ते पुढे येईल.

दुसरी तऱ्हा अल्जिनेटची. दाताचं माप घेताना डेंटिस्ट जी गुलाबी-हिरवी लगदी तोंडात दाबून धरतात, तिच्यात हेच असतं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून निघणाऱ्या या पदार्थाला कॅल्शियम भेटलं की तो बसतो.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. हे जेल सिरिंजमध्ये आधीच घट्ट असतं. दट्ट्या दाबला की दाबाखाली पातळ होऊन सुईतून सरकतं आणि बाहेर पडल्यावर, दाब गेल्यावर, पुन्हा सावरून बसतं. अमेरिकेत जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांनी लहान पेप्टाइडांपासून अशी जेल बनवली. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा.

म्हणजे जेल हेच औषध का?

नाही. जेल म्हणजे डबा. आत औषध तेच, केमोत वापरलं जाणारं: डॉक्सोरुबिसिन, मायटोमायसिन, पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन. बातम्यांमध्ये ‘नवं औषध’ लिहितात ते चूक. औषध जुनं आहे, त्याला एका जागी थांबवून ठेवायची युक्ती नवी आहे.

नेहमीची केमो शिरेतून देतात. तिच्यात आणि यात काय फरक पडतो?

शिरेतून दिलेलं औषध सगळ्या शरीरात फिरतं. गाठ छातीत असली तरी ते केसांच्या मुळाशी जातं, तोंडाच्या आतल्या कातडीत जातं, हाडांच्या मगजात जातं. उलट्या, तोंड येणं, पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्यातूनच. डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याचीच मर्यादा ठरलेली आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, त्यापुढे डॉक्टर जात नाहीत.

आणि एवढं करून गाठीपर्यंत पोचतं किती? टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली नॅनोकणांवरचे, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचे, दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. हे कण तर गाठ शोधत जातात अशी त्यांची ख्याती. मध्यक आकडा निघाला ०.७ टक्के. शंभर कण टोचले तर एकसुद्धा पुरता गाठीत नाही. माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांना तो आकडा झोंबला होता.

हायड्रोजेलचा युक्तिवाद यावर सरळ आहे: गाठ कुठे आहे हे माहीत असेल तर सगळं गाव कशाला फिरायचं? थेट दारात जाऊन बसा.

पण एक मेख आहे. केमोच्या वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरना विचारा, डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गळलं तर काय होतं. कातडी आणि खालचं मांस जळतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. जेल टोचणारे लोक हेच औषध मुद्दाम शिरेबाहेर नेऊन ठेवतात. तेव्हा जेलने ते थेंबाथेंबाने सोडलं पाहिजे आणि गाठीबाहेर सांडता कामा नये, या दोन अटी पाळल्या गेल्या नाहीत तर उपाय रोगासारखाच ठरेल.

जेलमधून औषध किती दिवस येत राहतं?

काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत. ते जेलवर आणि औषधावर ठरतं, आणि इथेच बहुतेक प्रयत्न अडतात.

मासे धरायच्या जाळ्याला जशी ‘आस’ असते, म्हणजे धाग्यांमधलं भोक, तशी हायड्रोजेललाही असते. ती साधारण ५ ते १०० नॅनोमीटर. केमोचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. पापलेटच्या जाळ्याने जवळा धरायला जाण्यासारखं हे आहे. नुसतं मिसळून ठेवलं तर औषध पहिल्या काही तासांतच भसकन बाहेर येतं आणि रिकामं जेल मागे राहतं. मग औषध जाळ्याला रासायनिक गाठीने बांधायचं, किंवा आधी बारीक कणांत भरून ते कण जेलमध्ये घालायचे, किंवा औषधाचे रेणू एकमेकांना धरून स्वतःच जाळं विणतील असे घडवायचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होंगगांग त्सुई यांच्या गटाने तिसरा मार्ग धरला. पॅक्लिटॅक्सेलपासूनच तंतू तयार केले आणि त्यात रोगप्रतिकारशक्तीला जागं करणारं एक प्रतिपिंड मिसळलं. २०२३ साली त्यांनी उंदरांच्या मेंदूतली गाठ काढून ती पोकळी या जेलने भरली, आणि ज्यांची गाठ काढून जेल भरलं ते सगळे उंदीर वाचले. वाक्यातला ‘उंदीर’ हा शब्द फॉरवर्डमध्ये गळतो.

आज खरोखर पेशंटला मिळणारं असं एखादं जेल आहे का?

आहे. आणि ते ज्या आजारासाठी आहे त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

मूत्रपिंडातून लघवी खाली आणणाऱ्या नळीला आणि तिच्या वरच्या नरसाळ्यासारख्या भागाला आतून जे अस्तर असतं, त्याचा कॅन्सर होतो. त्याचा सौम्य प्रकार जीवघेणा क्वचितच असतो, पण पुनःपुन्हा उगवतो. उपचार काय, तर दुर्बिणीतून जाळत राहायचं, नाहीतर त्या बाजूचं मूत्रपिंड नळीसकट काढून टाकायचं. मायटोमायसिन हे औषध अशा पेशी मारतं हे जुनंच माहीत आहे. मूत्राशयात ते सोडण्याची पद्धत कित्येक दशकांची. मग वर का सोडत नव्हते? कारण वर ते टिकतच नाही. मूत्रपिंड लघवी बनवायचं थांबत नाही, आणि पाण्यासारखं औषध काही मिनिटांत धुऊन खाली येतं.

यूरोजेन या कंपनीने मायटोमायसिन पोलॉक्झॅमरच्या जेलमध्ये मिसळलं. बर्फात ठेवून पातळ केलेलं हे मिश्रण कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, वर सोडतात, जास्तीत जास्त १५ मिलिलिटर. अंगाच्या उष्णतेने ते तिथेच बसतं, कोपऱ्याकोपऱ्यात पोचलेलं असतं आणि चार-सहा तासांत लघवीबरोबर विरघळून निघून जातं. वर मी ज्याला दोष म्हटलं तो इथे गुण झाला. काढायला पुन्हा ऑपरेशन नको. आठवड्यातून एकदा, असं सहा आठवडे. १५ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, ‘जेलमायटो’ या नावाने त्याला मान्यता दिली.

चाचणीत ७१ पेशंट होते. ५८ टक्क्यांमध्ये गाठ पूर्ण दिसेनाशी झाली. मूत्रपिंड वाचणं हा त्यांच्यासाठी खरा फायदा. पण त्याच चाचणीत ४४ टक्के लोकांची मूत्रवाहिनी अरुंद झाली आणि त्यातल्या अनेकांना तात्पुरती नळी घालावी लागली. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो, म्हणून मी मुद्दाम इथे लिहितो.

याच तत्त्वावरचं मूत्राशयासाठीचं जेल, ‘झुस्डुरी’, १२ जून २०२५ रोजी मंजूर झालं. तेही सौम्य पण परत परत येणाऱ्या गाठींसाठीच. त्याच्या चाचणीत तीन महिन्यांनी सुमारे ७८ टक्के लोकांमध्ये गाठ दिसत नव्हती. गंमत अशी की मान्यतेच्या काही आठवडे आधी एफडीएच्याच सल्लागारांनी ५ विरुद्ध ४ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, हा मुख्य आक्षेप. गाठी नुसत्या दुर्बिणीतून काढल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्या चाचणीतून कळत नाही. मला तो आक्षेप रास्त वाटतो. पण वारंवार भूल घेऊन थकलेल्या सत्तरीतल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर मान्यताही समजते.

जेलमायटो घेतल्यावर लघवीचा रंग बदलतो म्हणतात. खरं का?

हो, जांभळी-निळी होते. मायटोमायसिनचाच रंग तो. पहिले सहा तास लघवी अंगाला लागू द्यायची नाही. पुरुषांनीही बसून करायची, झाकण लावून दोन-तीनदा पाणी सोडायचं आणि हात साबणाने धुवायचे. घरात एकच संडास असेल तर हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

मग स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरला असं जेल का नाही? प्रयत्न झाले नाहीत का?

झाले, आणि अंगावर आले.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर फार, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. १९९०च्या दशकात अमेरिकेत गाईच्या कोलॅजन या प्रथिनाच्या जेलमध्ये सिस्प्लॅटिन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं एपिनेफ्रिन घालून ‘इंट्राडोज’ नावाचं इंजेक्शन तयार केलं. डोकं-मान भागातला परत आलेला कॅन्सर, जिथे फारसं काही उरलेलं नसतं, अशा १७८ पेशंटवर दोन चाचण्या झाल्या. औषध असलेलं जेल दिलेल्यांपैकी २९ टक्क्यांमध्ये टोचलेली गाठ लहान झाली, नुसतं जेल दिलेल्यांमध्ये २ टक्के. कागदावर हा मोठाच फरक. तरीही २००१ साली एफडीएच्या सल्लागारांचं समाधान झालं नाही आणि ते बाजारात आलं नाही. टोचलेली गाठ आक्रसली, पण त्याने माणसाचं गिळणं, दुखणं, जगणं किती सुधारलं? कॅन्सर परत आलेल्या माणसात एकच गाठ क्वचित असते.

दुसरं ‘ऑन्कोजेल’. पॅक्लिटॅक्सेल, आणि अंगात विरघळून जाणारं उष्णतेने बसणारं जेल. औषध आठवड्यांपर्यंत हळूहळू सुटत राहायचं. प्रयोगशाळेत सुंदर, हे मी तेव्हाचे आलेख पाहूनच म्हणतो. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी केमो आणि रेडिएशनच्या जोडीला ते दुर्बिणीतून गाठीत टोचलं. १३७ पेशंट, दोन गट. जेलने काही भर पडली नाही.

जेलमायटो का चाललं आणि ऑन्कोजेल का नाही, हे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात अडचण एकच होती: औषध जागेवर थांबत नव्हतं. अस्तरावरचा पातळ थर, त्यावर औषधाचा लेप, काम झालं. दुसऱ्यात गाठ जाड, आतून घट्ट, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या. टोचलेल्या जागेपासून औषध काही मिलिमीटर सरकतं आणि थांबतं. वांग्यात मसाला भरताना एकच चीर दिली तर दुसरी बाजू अळणीच राहणार, तसं. पोकळीला लेप देणं आणि भरीव गाठ भिजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बातमी वाचताना यातलं कुठलं चाललंय एवढं ओळखता आलं तरी अर्धी बातमी समजते.

गुवाहाटीच्या आयआयटीने केलेलं जेल? १८ दिवसांत गाठ ७५ टक्के कमी झाली म्हणे.

काम खरं आहे आणि चांगलं आहे. आयआयटी गुवाहाटीचे देबप्रतिम दास यांचा गट आणि कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट यांनी मिळून अगदी छोट्या पेप्टाइडांचं जेल केलं आणि त्यात डॉक्सोरुबिसिन भरलं. कॅन्सरच्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ भरपूर असतो, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट. तो भेटला की हे जेल औषध सोडू लागतं. म्हणजे कुलूप जेलला आणि किल्ली गाठीकडे. २०२५च्या सुरुवातीला ‘मटेरियल्स होरायझन्स’मधल्या या शोधनिबंधाची बातमी सगळीकडे झाली.

आता आकडा. ७५ टक्के घट झाली ती उंदरातल्या स्तनाच्या गाठीत, एका इंजेक्शननंतर. उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा. त्याची गाठ वाटाण्या-हरभऱ्याएवढी, कातडीखाली, बोटाला लागेल अशी, आणि प्रयोगासाठी तिथेच वाढवलेली. सुई कुठे घालायची हा प्रश्नच येत नाही. बाईच्या छातीतली गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेली असू शकते. ही टीका गुवाहाटीच्या लोकांवर नाही. त्यांनी उंदरावर केलं असं स्पष्ट लिहिलंय. मथळा लिहिणाऱ्याला मात्र ते लांब वाटलं असावं.

आईची गाठ लहान आहे, ऑपरेशन टाळून जेल देता येईल का?

नाही. लहान गाठीला ऑपरेशन हा आजचा सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. जेलची वाट पाहत ते पुढे ढकलू नका.

कॅन्सर यकृतात, हाडांत पसरला असेल तर?

तिथे जेलचा उपयोग जवळजवळ नाही. एका जागी थांबणं हाच त्याचा गुण असेल तर ठिकठिकाणी पसरलेल्या रोगाला तो कसा पुरणार? तिथे शिरेतून किंवा गोळीतून दिलेलं, सगळीकडे फिरणारं औषधच हवं.

एक आशा आहे. गाठीच्या जागी प्रतिकारशक्ती जागी करायची आणि मग रक्तातल्या पेशींनीच दूरच्या गाठी शोधायच्या. तेव्हा कॅलिफोर्नियात असलेल्या झेन गू यांच्या गटाने ऑपरेशननंतरच्या जखमेवर फवारता येईल असं फायब्रिनचं जेल केलं, म्हणजे रक्त गोठताना जे जाळं बनतं तेच. उंदरांमध्ये त्याने दूरच्या गाठींचीही वाढ रोखली. माणसात असं होईल का, हे चाचण्यांशिवाय कळणार नाही.

प्रोस्टेटला रेडिएशन देण्याआधी जेल भरतात. ते हेच का?

ते वेगळं. त्यात औषध नसतं. प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना चिकटून असतात. मध्ये जेलची उशी घातली की गुदाशय जरा मागे सरकतो आणि त्याला किरणांचा मार कमी लागतो. ते साधारण तीन महिने टिकतं आणि सहा महिन्यांत शरीरात जिरून जातं. अशा प्रकारच्या ‘स्पेसओएआर’ या जेलला अमेरिकेत २०१५ साली परवानगी मिळाली. सोनोग्राफीला लावतात ती जेली आणि लघवीची नळी घालताना वापरतात ती बधिर करणारी जेली, यांचाही या लेखाशी संबंध नाही. विचारणारे आहेत, म्हणून लिहिलं.

बाबांना तीन महिन्यांतून एकदा प्रोस्टेटचं इंजेक्शन देतात. ते कसं टिकतं?

ही इंजेक्शनं आपल्या जेलची भावंडं म्हणता येतील. त्यातली बहुतेक हायड्रोजेल नाहीत. विरघळणारे टाके ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात, त्याच जातीच्या पदार्थात हार्मोन थांबवणारं औषध कोंडलेलं असतं. पदार्थ झिजतो तसं औषध सुटतं. इथे औषध गाठीतही टोचत नाहीत, पोटाच्या कातडीखाली किंवा कमरेत देतात. डबा टिकाऊ असला की किती करता येतं याचा हा पुरावा, आणि हे लाखो लोक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. २००४ साली अमेरिकेत दंडाच्या कातडीखाली बसवायची ‘व्हँटास’ नावाची एक नळी मंजूर झाली होती. ती मात्र खरी हायड्रोजेलची होती आणि वर्षभर चालायची. आता ती बंद आहे.

महाराष्ट्रात यावर काही काम झालंय का?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जेलचा अभ्यास जुना आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांनी जेल अचानक फुगतं किंवा आक्रसतं ते का, यावर बरीच वर्षं काम केलं. २०१२ साली अमेरिकेतल्या श्यानी वर्गीस यांच्यासह त्यांनी कापल्यावर काही सेकंदांत पुन्हा जुळणारं हायड्रोजेल प्रसिद्ध केलं. तेही सामूने, म्हणजे द्रव किती आम्ल आहे त्यावर, ठरतं: आम्लात जुळतं, सामू वाढवला की सुटतं. कॅन्सरचं औषध म्हणून ते केलं नव्हतं, पण सुईतून तुटत जाऊन आत पुन्हा जुळणाऱ्या जेलांचं शास्त्र याच घरातलं.

आणि एक गोष्ट जेलची नाही, तरी सांगतोच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीभोवती, ऑपरेशनच्या सात-दहा मिनिटं आधी, साधं लिग्नोकेन टोचून पाहिलं. दात काढताना बधिर करायला देतात तेच. १,५८३ बायकांचा हिशेब २०२३ साली छापून आला. पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. गाठीच्या दारात जाऊन औषध देण्याचा विचार किती स्वस्तात लागू पडू शकतो, हे पाहायचं तर इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. त्यात जेल असतं तर कदाचित बातमी जास्त फिरली असती.

जेल शाकाहारी असतं का?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. कोलॅजन आणि जिलेटिन जनावरांपासून येतात. कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, म्हणून त्यांची ॲलर्जी असलेल्यांनी ती सांगायलाच हवी. फायब्रिन रक्तातून येतं. अल्जिनेट शेवाळातलं. पोलॉक्झॅमर कारखान्यात बनतं. विचारा, उत्तर मिळायलाच हवं.

हळदीचं जेल कॅन्सर बरा करतं असं वाचलं.

वर सांगितलेल्या पेप्टाइड जेलमध्येच पोचन आणि श्नायडर यांच्या गटाने हळदीतलं कर्क्युमिन भरून २०११ साली प्रयोग छापला होता. काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या गाठीच्या पेशींवर. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून त्याला जेलमध्ये धरून पाहिलं. बशीतल्या पेशी मेल्या. तिथून ‘हळदीचं दूध प्या’ इथवर यायला मोठीच उडी लागते.

ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर?

भारतात होणारी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पेशंट घेण्याआधी नोंदवावी लागते. जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. वेबसाइटवर आजाराचं नाव घालून फुकट शोधता येतं. नोंदणी क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो. तो क्रमांक मागा आणि घरी येऊन स्वतः तपासा. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळण्याचा तुमचा हक्क आहे. मराठीत मागा. आणि मध्येच बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. परदेशात मंजूर झालेलं औषधसुद्धा इथे विकायचं तर सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची, परवानगी लागते.

एका ठिकाणी ‘जेल थेरपी’चे काही लाख सांगितले. द्यावेत का?

पैसे देण्याआधी त्यांना विचारा: आत औषध कुठलं आहे? मिलिग्रॅममध्ये किती? गाठीत टोचणार की बाजूला, आणि सुई सोनोग्राफी बघून घालणार का? हे परवानगी असलेलं औषध आहे की ट्रायल? परवानगी असेल तर बाटलीवरचा परवाना क्रमांक आणि छापलेलं माहितीपत्रक दाखवा म्हणावं. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा क्रमांक आणि नीतिसमितीचं पत्र मागा, आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे का घेताय हेही विचारा. उत्तरादाखल ‘मालकीचं सूत्र आहे, सांगता येत नाही’ असं आलं, तर फाइल उचला आणि तिचा फोटो तुमच्या नेहमीच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठवा.